आकाशवाणीचं नागपूर केंद्र : दोन भाषा, दोन मनोरे

आवाज नीट पोचतोय ना? आजच्या विषयाला हा प्रश्न शोभून दिसतो, म्हणून आधी तोच विचारला.

विषय रेडिओचा आहे. सबंध देशातल्या रेडिओचा इतिहास एका बैठकीत उरकायचा नसतो, म्हणून आम्ही एकच केंद्र घेतलं आहे, आपलं नागपूरचं. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या चौकाला आपण आकाशवाणी चौक म्हणतो, त्याला नाव देणारं केंद्र. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं रेडिओवर का बोलावं, असं कुणाच्या मनात आलं असेल. त्याचं कारण असं की आमच्या शास्त्रात 'शब्दप्रमाण' नावाचं एक प्रकरण आहे. डोळ्यांनी पाहिलं नाही, अनुमानानं काढलं नाही, केवळ कुणी सांगितलं म्हणून आपण जे खरं मानतो, त्याला आधार काय? नैयायिकांचं उत्तर असं की सांगणारा 'आप्त' असला पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, बरं का. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि ठाऊक आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर पुढं जाऊन म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखंच लागू पडतं. बोलणारा कुठल्या कुळातला, कुठली भाषा बोलणारा, हा प्रश्न तिथं गौण आहे.

रेडिओनं विसाव्या शतकात हेच शब्दप्रमाण घरोघर नेऊन ठेवलं. दिसत नाही, पण ऐकू येतं, आणि लोक विश्वास ठेवतात. कुणाच्या आवाजावर ठेवतात, हे मात्र केंद्रागणिक, काळागणिक बदलत गेलं. नागपूरच्या गोष्टीत ते फार स्पष्ट दिसतं.

सुरुवात अर्थात मुंबईला झाली. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबनं हौसेखातर कार्यक्रम प्रक्षेपित केले होते. रीतसर प्रसारण म्हणजे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी तिच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं आणि महिन्याभरात कलकत्त्याचं केंद्र निघालं. दोन्ही ठिकाणचे प्रक्षेपक दीड किलोवॅटचे. आजच्या हिशेबानं हा नुसता दिवा! मुंबईचा आवाज कल्याण-ठाण्याच्या आसपास विरून जायचा. १९२७ च्या अखेरीस सबंध देशात रेडिओचे परवाने होते ३,५९४. एवढ्या गिऱ्हाइकांवर कंपनी चालणार कशी? १९३० च्या मार्चमध्ये ती बुडाली आणि १ एप्रिलपासून सरकारनं कारभार हातात घेतला. पुढं लायनेल फील्डन नावाचा बीबीसीतला एक तऱ्हेवाईक पण कल्पक माणूस आला आणि ८ जून १९३६ ला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झालं. या सगळ्या काळात नागपूर कुठं होतं? रेल्वेनं मुंबईपासून आठशे किलोमीटरहून जास्त दूर. १९३७-३८ मध्ये दिल्ली-मुंबईहून शॉर्ट वेव्ह सुरू झाल्यावर इथल्या चार-दोन वकील-डॉक्टरांच्या बंगल्यांत खरखरत का होईना, आवाज यायला लागला. पण त्या आवाजात नागपूर नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हिंदुस्थानच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. अठरा प्रक्षेपक. क्षेत्रफळाच्या अडीच टक्के आणि लोकसंख्येच्या अकरा टक्के एवढंच त्यांच्या टप्प्यात. माहिती आणि नभोवाणी खातं सरदार पटेलांकडं होतं. मोठी केंद्रं उभारायला वेळ लागणार, पैसा लागणार. तेव्हा असं ठरलं की आधी निरनिराळ्या भाषांच्या प्रदेशांत छोटी, प्रायोगिक केंद्रं काढायची. जागा मिळेल तिथं, यंत्र मिळेल तसं. १९४८ च्या जानेवारीत पाटणा आणि कटक, १ जुलैला गुवाहाटी-शिलाँग, आणि १६ जुलै १९४८ ला नागपूर. त्यानंतर विजयवाडा, अहमदाबाद, धारवाड. पुण्याचं केंद्र तर २ ऑक्टोबर १९५३ चं. म्हणजे मराठी मुलखात मुंबईनंतर ऑल इंडिया रेडिओ बोलला तो नागपुरातून, पुण्याच्या पाच वर्षं आधी. पुणेकर श्रोते असतील तर त्यांनी राग मानू नये, इतिहास आहे.

आता नागपूरच का, हे नीट समजून घेऊ. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. या प्रांताची रचनाच विलक्षण. एका बाजूला आपले आठ मराठी जिल्हे: नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा. दुसऱ्या बाजूला जबलपूर, रायपूर, बिलासपूरकडचा हिंदी मुलूख. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल, विधानसभेत दोन्ही भाषा. त्यामुळं नागपूर केंद्राला जन्मतःच दोन जिभा होत्या. सकाळी मराठी भावगीत, लगेच हिंदी वार्ता, त्यानंतर मराठी श्रुतिका. एकाच स्टुडिओतून, एकाच प्रक्षेपकावरून. आज आपल्याला हे त्रासाचं वाटेल. आमच्या मते नागपूर केंद्राचं खरं वैभव तेच होतं, आणि ते आपण पुरेसं ओळखलं नाही.

एक उदाहरण देतो. गजानन माधव मुक्तिबोध. आधुनिक हिंदी कवितेतलं हे फार मोठं नाव, पण घरची भाषा मराठी. १९४८ मध्ये ते नागपुरात आले, सरकारी माहिती खात्यात काम केलं आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यात नागपूर रेडिओच्या वृत्त विभागात होते. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध याच शहरात मराठी शिकवत होते, मराठीत कविता, कादंबरी आणि समीक्षा लिहीत होते. त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. सख्खे भाऊ, एक हिंदीचा, एक मराठीचा, आणि दोघांत कुणालाही आपण परक्या भाषेत गेलो असं वाटत नाही. त्या काळचं नागपूर म्हणजे हे. रेडिओनं ते घडवलं असं आम्ही म्हणणार नाही, पण रेडिओ त्याच हवेत श्वास घेत होता.

वृत्त विभागाचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. १९५३ पर्यंत रेडिओच्या बातम्या म्हणजे दिल्लीच्या बातम्या. भाषा कुठलीही असो, बातमी दिल्लीत लिहिली जायची. प्रांताच्या बातम्या प्रांतातच गोळा करून तिथूनच द्यायच्या, हा प्रयोग पहिल्यांदा दोन केंद्रांवर झाला: लखनौ आणि नागपूर. वाचताना ही ओळ छोटी दिसते, पण फरक पाहा. वैनगंगेला पूर आला, ही बातमी भंडाऱ्याच्या माणसाला दिल्लीनं सांगावी की नागपूरनं? ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्यानं सांगावी, असं म्हटलं की आपण पुन्हा आप्ताच्या व्याख्येपाशी येतो. सरकारी खात्यानं न्यायसूत्रं वाचून काही हा निर्णय घेतला नव्हता, पण निर्णय बरोबर होता.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नागपूरनं राजधानी गमावली, हे आपण नेहमी सांगतो. हायकोर्टाचं खंडपीठ, विधिमंडळाचं अधिवेशन, नागपूर करार, यावर पुस्तकं आहेत. रेडिओचं काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही. इंदूरला १९५५ मध्येच केंद्र निघालं होतं, १९५६ मध्ये भोपाळलाही निघालं. हिंदी मुलखाला स्वतःचे आवाज मिळाले. नागपूर केंद्राची एक जीभ हळूहळू आखूड होत गेली. त्याच वर्षी मुक्तिबोधांनी रेडिओची नोकरी सोडली, 'नया खून' या साप्ताहिकात गेले आणि पुढं राजनांदगावला. हे केंद्र आता प्रांताच्या राजधानीचं राहिलं नाही. मुंबईच्या नकाशावर ते एका टोकाला जाऊन बसलं. भूगोलानं मात्र ते देशाच्या मध्यावरच होतं, झीरो माइलचा दगड काही कुणी हलवला नव्हता. ही गंमत लक्षात ठेवा, तिचा पुढं उपयोग आहे.

याच सुमारास ऑल इंडिया रेडिओला 'आकाशवाणी' हे नाव सरकारी रीतीनं आलं. ते नाव म्हैसूरचं. तिथले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून रेडिओ केंद्र चालवलं, त्याचं हे नाव. प्राध्यापकांनी रेडिओत लुडबूड करण्याची परंपरा जुनी आहे, हे आमच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.

पन्नासच्या दशकातला मोठा तंटा मात्र गाण्यांचा होता. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा खरा भक्त. त्यांनी 'संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम' सुरू केला, मोठमोठे गवई-वादक देशभर ऐकवले. ते ऋण आहेच. पण सिनेसंगीतानं अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. १९५२ च्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आमच्या लहानपणी महालातल्या वाड्यात एकच रेडिओ होता, त्यावर क्रोशाचं कव्हर, आणि पोस्टात वर्षाचे पैसे भरून शिक्का मारून आणायचं लायसन्सचं पुस्तक खालच्या कप्प्यात. बुधवारी रात्री त्या रेडिओभोवती जेवढी गर्दी व्हायची तेवढी वाड्यातल्या सत्यनारायणाला होत नसे. मोठी माणसं 'अरे, जरा बारीक करा' म्हणत, आणि स्वतः दारापाशी उभी राहून ऐकत.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. आम्ही 'करावी लागली' म्हणतो ते जाणूनबुजून. श्रोत्यांनी मंत्र्यांना हरवल्याचं असं उदाहरण दुसरं नाही. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा प्रयोगासाठी तीन केंद्रं निवडली: मुंबई, पुणे, नागपूर. सरकारी रेडिओवर साबण-तेलाची पहिली जाहिरात ऐकणाऱ्यांत नागपूरकर होते. काही बुजुर्गांना तो आकाशवाणीचा अधःपात वाटला. आम्हाला तेव्हाही तसं वाटलं नाही. साबणवाल्याला तरी श्रोता काय ऐकतो याची पर्वा होती.

गाण्यांपेक्षा खोल परिणाम झाला तो शेतीच्या कार्यक्रमांचा, आणि इथं जरा थांबू या. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं. प्रत्येक गावात बारा ते वीस जणांचं श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा रेडिओवर कार्यक्रम ऐकायचा, त्यावर तिथंच बसून चर्चा करायची, आणि आपले प्रश्न केंद्राकडं पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात. म्हणजे रेडिओला कान फुटले! एरवी रेडिओला तोंडच असतं. विदर्भ तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, म्हणून आपल्याकडची गावं त्यात नव्हती. पण प्रयोग यशस्वी ठरला आणि १९५९ पासून ही रेडिओ ग्राम मंडळं देशभर काढायचं ठरलं.

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं, आणि ते काम पाहिलं पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं. आमच्या विद्यार्थ्यांना आडनाव ओळखीचं वाटेल. व्हिएन्ना वर्तुळातले ऑटो न्यूराथ यांचे हे चिरंजीव. 'आपण भर समुद्रात जहाज दुरुस्त करणारे खलाशी आहोत, बंदरात नेऊन नव्यानं बांधायची सोय नाही' हा दाखला देणारे ते ऑटो न्यूराथ. त्यांचा मुलगा नाझींच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेला जातो आणि पुढं नगर-नाशिकच्या चावडीत शेतकरी रेडिओ कसा ऐकतात ते मोजतो! पाहणीत आढळलं असं की मंडळ असलेल्या गावांत माहिती खूपच वाढली. पण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की लिहिता-वाचता न येणारी माणसंही चर्चेत बरोबरीनं बोलू लागली.

नागपूर केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमात आम्ही पुढं जे ऐकलं त्याची नाळ इथं जुळते. बातम्या प्रमाण मराठीत, भाषणं प्रमाण मराठीत, आणि संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की एकदम वऱ्हाडी ऐकू यायची. 'काय राजेहो' म्हणत बोलणारी माणसं कपाशीवरच्या किडीबद्दल, संत्र्याच्या मृग बहराबद्दल, बियाण्याबद्दल बोलत. शहरातल्या काही लोकांना ते विनोदी वाटे. विनोदासाठी ते नव्हतंच. कपाशीवर कुठलं औषध किती पाण्यात मिसळायचं, ही चूक झाली तर वर्षाचं पीक जातं, कर्ज अंगावर येतं. ती गोष्ट सांगणारा आवाज आपल्यातला वाटला पाहिजे. 'प्रमाण भाषा' आणि 'शब्दप्रमाण' यांत प्रमाण हा शब्द एकच असला तरी या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे आम्ही वर्गात शिकवायचो तेव्हा उदाहरण याच कार्यक्रमाचं द्यायचो. एक तक्रार मात्र नोंदवतो. वऱ्हाडीला अर्धा तास मिळाला, पण झाडीबोली आणि गोंडी यांच्या वाट्याला त्या मानानं फारच थोडं आलं. गोंडी बोलणारा मोठा समाज याच केंद्राच्या टप्प्यात राहत होता.

नाटकाचंही थोडं. 'रंजन कला मंदिर' काढणारे आपले पुरुषोत्तम दारव्हेकर, १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' देणारे, त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली आणि पुढं मुंबई दूरदर्शनवर गेले. नुसत्या आवाजावर प्रसंग उभा करायचा, ही श्रुतिकेची शिस्त. 'कट्यार'मध्ये गाणं हेच नाटक कसं होतं, ते पाहताना आम्हाला ती शिस्त आठवते.

आता दुसऱ्या मनोऱ्याकडं येऊ. नागपूर केंद्राचा मीडियम वेव्हचा आवाज आपल्याला ५८५ किलोहर्ट्झवर, जुन्या रेडिओच्या पट्टीवर ५१२.८ मीटरवर मिळायचा. १९८८ मध्ये नागपूरजवळ बुटीबोरीला आणखी एक प्रक्षेपक बोलू लागला, तब्बल एक हजार किलोवॅटचा. एक मेगावॅट! १९२७ च्या मुंबईच्या त्या दिव्याच्या साडेसहाशे पटींहून जास्त. १८ मे १९८८ पासून त्यावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झाली, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. रात्रीच का? दिवसा सूर्यप्रकाशामुळं वातावरणाचा एक थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, त्या जमिनीलगत जातील तेवढ्याच. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थराला आपटून परत खाली येतात, शेकडो मैलांवर. देशाच्या मधोमध मनोरा उभा केला तर रात्री काश्मीर ते कन्याकुमारी एकाच मनोऱ्यातून ऐकवता येतं. म्हणून नागपूर. राजधानी गेलेल्या शहराला भूगोलानं असं परत बोलावलं.

पण बोलावून काय दिलं? कार्यक्रम दिल्लीत तयार व्हायचे, हिंदी-इंग्रजीत. बुटीबोरीला ते फक्त आकाशात सोडले जायचे. सबंध देश नागपूरहून ऐकत होता आणि त्यात नागपूरचं काही नव्हतं. त्या वाहिनीवर उत्तम कार्यक्रम होते, रात्रपाळीचे कामगार, ट्रक ड्रायव्हर, सीमेवरचे जवान यांना तिचा आधार होता, ते नाकारायचं कारण नाही. तरी दोन मनोरे शेजारी ठेवून पाहावेत. एक लहान, वऱ्हाडीत कपाशीबद्दल बोलणारा. दुसरा प्रचंड, देशभर पोचणारा, पण स्वतः मुका.

दरम्यान रेडिओचा परवाना ऐंशीच्या दशकात रद्द झाला, त्याचं पुस्तक रद्दीत गेलं. १९८४ पासून देशात 'स्थानिक केंद्र' ही कल्पना आली आणि पुढं विदर्भातही अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथं एफएमवर आकाशवाणीची केंद्रं निघाली. एफएमचा टप्पा कमी, पण आवाज स्वच्छ. १९४८ ची लहान केंद्रांची कल्पनाच जिल्ह्यापर्यंत खाली उतरली. त्यानंतर खाजगी एफएमवाले आले, गाणी आणि गप्पा घेऊन. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यामुळं रेडिओवर आपल्या भागाची बातमी हवी असेल तर आजही वाट आकाशवाणी चौकाचीच आहे.

ती वाट किती दिवस उघडी राहील? प्रसार भारतीनं डिसेंबर २०१८ च्या अखेरीस राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा आदेश काढला आणि जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला ती थांबली. कारण दिलं गेलं खर्चाचं आणि अल्प प्रभावाचं. एक मेगावॅटचं विजेचं बिल केवढं असेल, ते आम्ही समजू शकतो. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. पुण्यात ओरड झाली, आदेशाला स्थगिती मिळाली. मोठा मनोरा बंद पडला तेव्हा नागपुरात फारसं कुणी हळहळलं नाही. पुण्याचं बातमीपत्र जाणार म्हटल्यावर मात्र पुणेकर उठले. लोकांना कुठल्या आवाजाची गरज वाटते, याचा आम्हाला यापेक्षा स्वच्छ पुरावा नको. नागपूरचा वृत्त विभाग १९५३ चा, देशातल्या पहिल्या दोहोंपैकी एक. त्याच्याबद्दल उद्या असा कागद निघाला तर आपण उठू का, हे श्रोत्यांनी आपापल्या मनाशी पाहावं.

नागपूर केंद्र आता मोबाइलवरच्या ॲपवर जगात कुठंही लागतं. आमची एक विद्यार्थिनी परदेशातून ते ऐकते आणि 'सर, आज तुमच्याकडं पाऊस आहे ना' असं विचारते. आम्ही खिडकी उघडून पाहतो, पाऊस असतो.

आता प्रश्न घेऊ या. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी आपला माईक सुरू करावा.